मामा, छत्री उलटी धरा

२०२२ च्या एप्रिलमध्ये जगातल्या कोळ्यांची यादी पन्नास हजारांवर गेली. ही यादी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातलं निसर्ग-इतिहास संग्रहालय ठेवतं, आणि पन्नास हजारावं असण्याचा मान दक्षिण ब्राझीलमधल्या गुरिउरियस मिनुआनो नावाच्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला मिळाला. मला विचाराल तर तिथेच थांबायला हरकत नव्हती. आकडा गोल आहे, भरदार आहे, आणि आमच्या माळ्यावरचे धरले तर कुठल्याही ग्रहाला पुरून उरेल इतका आहे. पण माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतो. त्याचं म्हणणं असं, की खरे कोळी मोजायचे अजून राहिलेतच, आणि त्यातले कितीतरी शिरूर आणि दौंड तालुक्यांत, दगडाखाली नाहीतर बोरीच्या झुडपावर, आपली वाट पाहत बसलेत. ‘आपली’मध्ये मीही होतो, कारण गाडी माझी होती.

शिरूर-दौंडचा पट्टा पुणेकर एरवी खिडकीतूनच पाहतो. नगर रस्त्याने जाताना रांजणगावच्या गणपतीला हात जोडले की शिरूर तालुका झाला, असं तो समजतो. दौंड म्हणजे जंक्शन. तिथे इंजिन पुढचं मागे लावेपर्यंत वडा खायचा, एवढीच त्या गावाशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. बाकी मग भीमेच्या आणि घोडनदीच्या पाण्यावर वाढलेला ऊस, आणि ऊस संपला की एकदम माळ. सह्याद्रीने अडवून उरेल तेवढाच पाऊस, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. मुरूम, कुसळी गवत, तरवड, हिवर, हेकळ, बोर. सातबाऱ्यावर अशा जागेला ‘पोटखराबा’ म्हणतात. महसूल खात्याने जिच्यावर पिढ्यांपूर्वी काट मारली, त्या जमिनीवर पाय ठेवला की भाच्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते मी त्याच्या बारावीच्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

आधी आम्ही सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात गेलो. दौंडपासून ते जवळ. १९९७ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं, राज्यातल्या अगदी लहान अभयारण्यांपैकी एक. तिथे चिंकारे आहेत आणि तेही आमच्याकडे बघत होते. पण अभयारण्यातून परवानगीशिवाय कोळी सोडा, कुसळही उचलायचं नाही, अशी भाच्याची सक्त ताकीद. मी काहीही उचललं नाही. कुसळं आपणहून आली, मोज्यांतून आली, आणि घरी वॉशिंग मशीनमधून सगळ्यांच्या कपड्यांत समान वाटली गेली. पुढे मात्र खासगी पडीक जमिनी शोधायच्या, मालकाला विचारायचं आणि मगच शिरायचं, असं ठरलं.

आता पद्धत ऐका. एक पांढरी छत्री घ्यायची, झुडपाखाली उलटी धरायची आणि वरची फांदी काठीने झोडपायची. झुडपात जे कोणी बिऱ्हाड करून असेल ते छत्रीत पडतं. जगभरचे अभ्यासक असंच करतात म्हणे. करत असतील. पण जगभरचे अभ्यासक मे महिन्यात, दौंड तालुक्यात, भर दुपारी, एसटीतून सगळ्यांना दिसेल अशा जागी हे करत नाहीत. पन्नाशी उलटलेला, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला एक गृहस्थ बोरीखाली ओणवा होऊन छत्री पसरतोय, आणि एक दाढीवाला पोरगा “मामा, उलटी धरा! उलटी!” असं ओरडत बोरीला बडवतोय, हे पाहून समोरून येणारी मेंढरं थांबली. मेंढरांमागून बाबा आले.

“रामराम. काय चाललंय?”

“कोळी धरतोय, बाबा.”

बाबांनी छत्रीत वाकून पाहिलं. तिथे चार वाळकी पानं, एक मुंगळा आणि माझा चष्मा होता.

“असं व्हय,” ते म्हणाले. “मला वाटलं झाडातनं पाऊस पाडताय. म्हणलं, जमलं तर ह्यास्नी आमच्या वस्तीवर न्यावं.”

ज्याच्यासाठी हे सगळं, तो कोळी नखावर मावेल एवढा. हा जाळं विणून त्यात बसून राहणारा नव्हे. हा हिंडतो, दबा धरतो आणि उडी घालून भक्ष्य पकडतो. डोळे आठ, चार समोर, त्यातले मधले दोन चांगले टपोरे. छत्रीत पडला की पळण्याऐवजी तो आधी वळून तुमच्याकडे नीट बघतो. मग तुम्ही काचेची नळी त्याच्यावर आणता, आणि नळी टेकायच्या क्षणी तो तुमच्या मनगटावर असतो. मग कोपरावर. मग मी कोपर झटकतो, भाचा “मामाऽ!” म्हणून किंकाळी फोडतो, आणि काळजी माझी नसते. माझ्याकडे झाकण लावण्याचं काम होतं. ते मी बहुतेक वेळा रिकाम्या नळीला चोखपणे केलं.

आणि एवढं करून सापडला, तरी भाचा भिंगातून पाहून मान हलवायचा.

“लहान आहे.”

“मग मोठा असेल कसा? कोळी आहे तो.”

“तसं नाही मामा. वयात आलेला नाही.”

या शास्त्राचा सगळा जाच इथे आहे. कोळ्याचा रंग, पट्टे, केस यांवर काही ठरत नाही. नराच्या तोंडाशी दोन आखूड हात असतात, त्यांना पॅल्प म्हणतात. त्यांच्या टोकाला जे आकडे, काटे आणि वळणं असतात, ती प्रत्येक जातीत वेगळी. मादीच्या पोटाखाली एक टणक चकती असते, तीही प्रत्येकीची निराळी. आणि हे दोन्ही शेवटची कात टाकल्याशिवाय तयारच होत नाही. तोवर कोळी म्हणजे नुसता कोणीतरी. माळावर भेटणाऱ्यांत या ‘कोणीतरी’चाच भरणा होता.

तोवर गावात वेगळंच शिजत होतं. शिरूर आणि दौंडमध्ये परका माणूस माळावर वाकलेला दिसला, की त्याचा अर्थ एकच होतो. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मोटारसायकलवरून दोघं आले.

“मोजणी का साहेब?”

“नाही हो. कोळी.”

“बरं बरं,” एकजण समजूतदारपणे हसला. “सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या. गट नंबर कंचा, तेवढं तरी सांगा.”

मी खूप समजावलं. जितकं समजावलं तितकी त्यांची खात्री पटत गेली. एमआयडीसी वाढणार, रिंग रोड येणार, की सोलारवाले येणार, यावर त्या गावात तीन तट पडले. जिच्यात आम्ही छत्री उलटी केली होती, त्या पोटखराब्याचा भाव पुढच्या खेपेपर्यंत चढला होता. मालकाने आमच्यासाठी खुर्च्या टाकल्या, चहा दिला, आणि जाताना हळूच विचारलं, “बोर तोडावी लागंल का ठेवली तर चालंल?” भाचा म्हणाला, “बोर ठेवाच!” शेजारच्या बांधावरच्या भावकीने ते ऐकलं. त्यांनी त्याच आठवड्यात आपल्या बांधावर बोरी लावायला घेतल्या. पर्यावरणाचं एवढं काम कुठल्या सप्ताहात झालं नसेल.

एकदा संध्याकाळी परतताना हायवेवर नाकाबंदी लागली. वयात आलेले कोळी मिळाले तर जागीच ठेवायला भाच्याजवळ सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटल्या होत्या. छोट्या बऱ्याच, मोठी एक.

“हे काय आहे?”

“अल्कोहोल,” भाचा म्हणाला. शास्त्रज्ञ खोटं बोलत नाहीत. त्यांच्या मामांनी बोलायच्या आत ते खरं बोलून मोकळे होतात.

“किती टक्के?”

“सत्तर.”

हवालदारसाहेबांनी आमच्याकडे नव्या आदराने पाहिलं. मग बाटली उजेडात धरली. “आणि आत काय घातलंय?”

“कोळी.”

“कशासाठी? गुडघ्याला का?”

इथे भाच्याला जे सुचलं त्याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे. तो म्हणाला, “साहेब, ठाण्याला असाच एक नवा कोळी सापडला होता. २०२१ साली त्याचं नाव ठेवलं, इसियस तुकारामी. तुकाराम ओंबळेंचं.” हवालदारांनी बाटली खाली घेतली. २६ नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवणाऱ्या ओंबळेंची ओळख पोलिसांना करून द्यावी लागत नाही. त्यांनी मोबाइलवर त्या कोळ्याचा फोटो मागितला, तो सहकाऱ्याला दाखवला, दोघांनी बराच वेळ पाहिला. मग बाटल्या पुसून परत दिल्या. “जावा. सावकाश जावा,” म्हणाले, आणि काचेतून वाकून मला, “तुम्ही नाही ना पीत त्यातलं?”

वयात न आलेले नग घरी आले. एकेका नळीत एकेक, कापसाचं बूच, आमच्या शोकेसमध्ये, माझ्या बँकेतल्या निरोप समारंभाच्या गणपतीसमोर. हे जिवंत खाणारे आणि तेही लहान तोंडाचे, त्यामुळे त्यांना चिलटं लागतात. चिलटं विकत मिळत नाहीत, ती करावी लागतात. त्यासाठी केळी पिकवायची, मग अति पिकवायची, मग घरातली माणसं उठून जातील इतकी पिकवायची. आमच्या स्वयंपाकघरात जन्माला आलेल्या चिलटांपैकी दहा टक्के कोळ्यांनी खाल्ली. उरलेल्यांचा आमच्या वरणावर हक्क होता.

सौभाग्यवतीने आधी घर सोडून जायची धमकी दिली. मग एक दिवस तिने विचारलं, “ह्यांची जात तरी कुठली?” भाच्याचा अंदाज होता, मोग्रस. कोरड्या मुलखातल्या उड्या मारणाऱ्या कोळ्यांचा हा गट. युजीन सिमाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८८२ मध्ये त्याचं बारसं केलं. एवढं पुराण तिने ऐकून घेतलं आणि शोकेसमधल्या मधल्या नळीचं नाव मोगरा ठेवलं. त्या दिवसापासून घरातली सत्ता बदलली. “मोगऱ्याने आज दोन खाल्ली.” “मोगरा सुस्त वाटतोय, पंखा कमी करा.” कोळी कात टाकण्याआधी रेशमाची थैली विणून आत बसून राहतो. मोगरा तसा बसला तेव्हा तिने टीव्हीचा आवाज बंद केला. मालिका आम्ही ओठांच्या हालचालींवरून पाहिल्या.

मोगरा बाहेर आला तो वयात येऊन आला. नर होता. भाचा धावत आला आणि त्याने ती बाटली काढली.

“मामी, आता ह्याला अल्कोहोलमध्ये—”

“या घरात आजवर कोणी दारूत बुडालेलं नाही,” ती म्हणाली, “आणि मोगऱ्यापासून सुरुवात होणार नाही.”

शास्त्र, जागतिक यादी, बर्नचं संग्रहालय, सगळं सांगून झालं. शेवटी तह असा झाला, की त्याला त्याच्या मरणाने मरू द्यावं. नर काही फार जगत नाहीत. तो गेला त्या दिवशी नेमकी चतुर्थी होती, म्हणून बाटलीत दुसऱ्या दिवशी गेला.

आणि मग खरा त्रास सुरू झाला. आपल्याला वाटतं, नवा जीव सापडणं म्हणजे शोधणं. ते सोपं आहे. कठीण आहे ते हे सिद्ध करणं, की तो आधी कोणालाच सापडला नव्हता. त्यासाठी आजवर ज्यांनी ज्यांनी कोळी पाहिले त्या सगळ्यांचं लिखाण वाचावं लागतं. कोळ्यांची नावं मोजायला सुरुवात होते कार्ल क्लर्क या स्वीडिश माणसाच्या पुस्तकापासून. ते छापलं १७५७ मध्ये. पण प्राण्यांच्या नावांचा सगळा कारभार लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून सुरू करायचा असं ठरलेलं. मग क्लर्कचं काय? तर त्याचं पुस्तक १ जानेवारी १७५८ ला प्रसिद्ध झालं असं मानायचं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मला हे लगेच पटलं. आमच्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म गुरुजींनी असाच १ जूनला लावून दिलाय.

पुण्याची बाजू त्यात भक्कम आहे. बिनय कृष्ण टिकादार हे भारतीय कोळ्यांचे मोठे अभ्यासक पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात बरीच वर्षं होते. १९६३ मध्येच त्यांनी पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात महाराष्ट्र आणि म्हैसूरच्या कोळ्यांवर लिहिलं, आणि १९८७ साली भारतीय कोळ्यांचं हातपुस्तक काढलं. भाचा ते उशाशी घेऊन झोपतो. पण त्याही आधीची जुनी वर्णनं फ्रेंचमध्ये, लॅटिनमध्ये, आणि अशा थाटात असतात, की ‘रंग तपकिरी, पाय तपकिरी, थोडे केस’. एवढ्यावर मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला ओळखू शकलो असतो. मग मूळ नमुना पाहायचा तर तो युरोपात. भाच्याने एका संग्रहालयाला मेल केली. उत्तर तत्काळ आलं: संबंधित गृहस्थ सुट्टीवर आहेत.

मादीची ती पोटाखालची चकती आरपार दिसावी म्हणून लवंगेच्या तेलात ठेवतात. माझी दाढदुखीची बाटली त्यात गेली. भाचा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चकतीची चित्रं काढायचा. घराला दंतवैद्याच्या दवाखान्याचा वास, पार्श्वभूमीला केळी. वरच्या मजल्यावरच्या काकू येऊन विचारून गेल्या, “सगळं ठीक ना?”

या काळात मला एक कळलं. ही मंडळी ‘नवा’ हा शब्द कधी उच्चारत नाहीत. ते फक्त “इंटरेस्टिंग” म्हणतात. मोगरा आधी इंटरेस्टिंग होता, मग भाच्याने शंभर वर्षांपूर्वीचं एक चित्र पाहिलं आणि मोगरा एकदम इंटरेस्टिंग राहिला नाही. तो कोणाला तरी फार पूर्वी, फार लांब सापडून गेला होता. भाचा जेवला नाही. मामी मात्र म्हणाली, “जुन्या घराण्यातला आहे, मी सांगतच होते.” शिरूरच्या बाजूचा दुसरा एक, वयात आलेला, नर, मात्र अजून इंटरेस्टिंग आहे.

झालं. नावाची चर्चा सुरू झाली. पुरुषाच्या नावावरून ठेवायचं तर शेवटी इकार लावायचा, बाईच्या नावावरून असेल तर ‘ए’. माझं आडनाव इकार लावल्यावर काय सुंदर दिसतं, हे मी एका कागदावर लिहून तो कागद भाच्याला सहज दिसेल अशा जागी ठेवला. २०१९ मध्ये मारेंगो सचिनतेंडुलकर नावाचा कोळी जाहीर झालाय. सचिनने शंभर शतकं केली हे खरं, पण त्याने कधी चिलटं पाळली होती का? भाच्याने कागदाच्या मागच्या बाजूला पॅल्पचं चित्र काढलं. बाणेर टेकडीवर सापडलेल्या कोळ्याला ओकिनाविशियस टेकडी म्हटलंय, तसं आपणही जागेवरून ठेवू, असं तो म्हणाला. पुढचं नाव जपानातल्या ओकिनावाचं, मागचं थेट बाणेरचं. माणसांत एवढं राष्ट्रीय ऐक्यसुद्धा दिसत नाही, मग आंतरराष्ट्रीय कुठून दिसणार.

जागेवरून ठेवायचं म्हटल्यावर गावात कळणारच. गावच्या सरपंचांनी आम्हाला थांबवून घेतलं. गावात फ्लेक्स लागला होता, ‘नवीन कोळी सापडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. त्यावर वरच्या रांगेत नेते, मधल्या रांगेत कार्यकर्ते, खाली शुभेच्छुक. कोळ्याला जागा उरली नव्हती.

“नाव साहेबांचंच द्या,” सरपंच म्हणाले. “पण कायम ऱ्हाईल ना? मागनं कोणी बदललं तर?”

भाच्याने शांतपणे समजावलं, “नावाचे दोन भाग असतात. पहिला गटाचा. पुढे कोणी नवा अभ्यास केला तर गट बदलू शकतो. दुसरं नाव मात्र तेच राहतं.”

सरपंचांनी फ्लेक्सकडे पाहिलं. “मंग बरोबर बसतंय,” ते म्हणाले. “साहेबांचंबी तसंच हाय.”

तर सध्या परिस्थिती अशी. नर एक आहे, मादी हवी. मादी मिळाली तर चकती, चकती जुळली तर लेख, लेख झाला तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नमुना ठरलेल्या संस्थेत जमा करायचा; आपल्याला जवळचं म्हणजे आकुर्डीचं प्राणी सर्वेक्षण केंद्र. सौभाग्यवतीने तिथे भेटायच्या वेळा काय, हे आत्ताच विचारून ठेवलंय.

तेव्हा शिरूर आणि दौंड तालुक्यांत ज्यांचा बोरी-तरवडाचा पोटखराबा असेल त्यांनी कृपया कळवावं. बोर तोडू नये, पेटवू नये, तिच्यावर फ्लेक्स बांधू नये. आम्ही मे महिन्यात दुपारी येऊ. छत्री आमची आमच्याजवळ आहे. चहा चालेल, जमिनीचा भाव सांगू नये.